तार मला वाचता येते

तार कशी वाचायची हे मला कोणी शिकवू नये, असं मी त्या दिवशी बेटावर चारचौघांत म्हणाले. म्हणायचा मला हक्क होता, असं मला वाटत होतं. माझे वडील धुळ्याच्या पोस्टात तारा वाटायचे. शाळेला सुट्टी असली की नाना मला सायकलच्या दांडीवर बसवून सोबत न्यायचे. तार हातात घेताना माणसाचा चेहरा कसा होतो, सही करताना बोटं कशी थरथरतात, हे मी आठव्या वर्षी पाहून ठेवलं होतं. तारेत 'सीरियस' लिहिलं असलं की माणूस गेलेला असतो. गेला असं कोणी सरळ लिहीत नाही, कारण येणाऱ्यानं वाटेत जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायला नको. खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. मी तर तोताराम पोस्टमनची मुलगी, मला जरा जास्तच ठाऊक होतं.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातली. आमच्या ह्यांचं, म्हणजे रतिलालचं, रावेरला खतांचं आणि बियाण्यांचं दुकान होतं. त्या वर्षी एका बियाणे कंपनीनं सहा दुकानदारांना जोडीनं लक्षद्वीपला न्यायचं ठरवलं. जिल्ह्यातून आम्ही एकटेच निवडले गेलो. पत्रकात लिहिलं होतं की पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली पोहायला शिकवतील. त्याला स्कूबा म्हणतात. मी म्हटलं, उन्हाळ्यात लोक महाबळेश्वरला जातात आणि आपल्याला बुडायला पाठवताहेत. पण ह्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

त्याला कारण सासरे. चुडामण आबा म्हणजे आमच्या गावातले आणि आजूबाजूच्या दहा गावांतले विहिरीत बुडी मारणारे. कोणाची कळशी विहिरीत पडो, मोटारीचा पाइप खाली अडको, नाही तर एखाद्या घरची लेकसून रागाच्या भरात उडी घेवो, आबांना बोलावणं यायचं. कमरेला दोर बांधून ते आत जायचे आणि दोनदा हिसका दिला की वरच्यांनी ओढायचं. त्यांचा एक नियम होता. वर येताना मुठीत तळाचा गाळ पाहिजे. गाळ नसेल तर बुडी मारलीच नाही असं ते स्वतःच्या बाबतीतही धरायचे. ह्यांना पोहायला शिकवलं तेव्हा हे सात वर्षांचे होते. गाळ आणेपर्यंत पोराला जेवायला दिलं नाही, असं सासूबाई अजून रागानं सांगायच्या.

आम्ही निघालो तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. बहात्तर वर्षांचे. छातीत दम राहिला नव्हता, म्हणून चार वर्षांपासून विहिरी सुटल्या होत्या. त्यांनी ह्यांना विचारलं, "समुद्राले तळ असते का रे?"

"असते ना, आबा."

"मंग मूठभर आन. मी पाह्यल्याशिवाय मानत नही."

हे हसले, पण मी ह्यांना ओळखते. ते वाक्य त्यांनी पिशवीत भरून घेतलं होतं.

बेटावर पहिले तीन दिवस मास्तरांनी काही ह्यांना तळाला जाऊ दिलं नाही. मास्तर केरळचे, काळेसावळे, बारीक अंगाचे. त्यांचं हिंदी माझ्या हिंदीपेक्षा वाईट, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात तोंडात नळी धरून श्वास घ्यायला लावला. मग दोन दिवस वरच्या वर पोहवून मासे आणि पोवळी दाखवली. पोवळी जिवंत असतात, पाय लागला तर मरतात, म्हणून खाली टेकायचं नाही. बाकीचे दुकानदार खुशीत होते. हे मात्र रोज संध्याकाळी उदास चेहऱ्यानं वाळूत बसायचे.

"काय झालं?" मी विचारलं.

"तीन बुड्या झाल्या, आणि मूठ रिकामी," हे म्हणाले. "आबांना काय सांगू? मासे पाहिले म्हणून सांगू?"

शेवटच्या दिवशी बुडी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी दुपारी विमान होतं, सामान बांधायचं होतं. हे सकाळीच मास्तरांकडे गेले आणि त्यांना विहिरींची सगळी हकिगत ऐकवली. मास्तरांना किती कळलं देव जाणे, पण ते त्यांच्या भाषेत बरंच काही बोलले आणि होडी काढली. पोवळी नाहीत अशी एक वाळूची जागा होती, चाळीस फुटांवर. मी होडीत बसले. मला पाण्याची भीती वाटते, आमच्या धुळ्याला पांझरेला गुडघाभर पाणी असलं तरी मी काठ सोडत नसे. पण त्या दिवशी मला ते बघायचं होतं. बुडबुडे वर येत होते तोवर मी श्वास घेत होते.

हे वर आले तेव्हा उजवी मूठ आधी पाण्याबाहेर आली. मग डोकं. मूठ होडीच्या कडेवर ठेवून त्यांनी तोंडातली नळी काढली आणि ओरडले, "कुंदा, लागला! तळ लागला!" मी कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी पुढे केली. पांढरी शुभ्र वाळू, तांदळाच्या कण्यांएवढी. हे आपली चाळिशी विसरून सात वर्षांच्या पोरासारखे हसत होते. इतकं सुख मी नंतर ह्यांच्या तोंडावर पाहिलं नाही. म्हणून ती सकाळ मला अजून नकोशी वाटते.

किनाऱ्याला लागलो तर तिथल्या ऑफिसातला कारकून सायकल धरून उभा. हातात तारेचा कागद. दुरूनच मला कागदाची घडी कळली. हे अजून अंगातला रबरी पोशाख काढत होते. मीच पुढे होऊन तार घेतली. 'फादर सीरियस. स्टार्ट इमिजिएटली. सुपडू.' सुपडू म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ, शेजारच्याच घरात राहणारा.

ह्यांनी कागद माझ्या हातातून ओढला, दोनदा वाचला आणि कारकुनाला विचारलं, "आज विमान आहे का?"

होतं. दुपारी तीनला. दोन जागा करून देतो म्हणाला, भला माणूस होता. हे पळायला लागले तसे मास्तर आडवे आले. आज पाण्याखाली गेलेला माणूस आज विमानात बसणार नाही, उद्या बसेल, असं त्यांनी तीन-तीनदा सांगितलं. वर गेल्यावर रक्तात बुडबुडे होतात. हातपाय लुळे पडतात, कधी माणूसही जातो.

"होऊ द्या बुडबुडे," हे म्हणाले. "माझा बाप वाट बघतोय."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आबांचं काहीच वाटलं नाही, ह्यांचंच भय वाटलं. मी ह्यांचा दंड धरला आणि जे बोलायचं ते बोलले.

"अहो, कोणी वाट बघत नाहीये. सीरियस म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नाही का?"

"कुंदा, तसं नसेल."

"तार कशी वाचायची हे मला कोणी शिकवू नये. मी शेकड्यांनी पाहिल्यात. आबा गेले. आता तुम्ही जिवावर उदार होऊन काय उपयोग? घाई कशाची?"

घाई कशाची. हे दोन शब्द मी बोलले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग ओल्या वाळूत खालीच बसले. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. बाजारातलं कोणतं गिऱ्हाईक खोटं बोलतंय हेसुद्धा ते मला विचारायचे. तीन वाजता विमान आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा हे कपड्यांसकट समुद्रात बुडी मारून आंघोळ करत होते, सुतकाची. मी काठावर टॉवेल धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर कोचीनला उतरलो. एसटीडीच्या बूथवरून गावाकडे फोन लावला. गावात एकच फोन होता, सोसायटीच्या ऑफिसात. नुसता टूंऽऽ असा आवाज यायचा. पाच वेळा लावला. धुळ्याला नानांकडे फोन नव्हता. कंपनीचा माणूस म्हणाला, उद्या सकाळच्या मुंबईच्या विमानात दोन जागा मिळतील, बोला. मी म्हटलं, आमची रेल्वेची तिकिटं आहेत, बाकीच्यांबरोबरच जाऊ. ह्यांच्या अंगात काही त्राणच नव्हतं. विमानतळावर धावपळ करण्यापेक्षा गाडीत निवांत पडून राहतील, असं मला वाटलं. अग्नी सुपडूनं दिला असणार. तिसरा दिवस तसाही चुकणार होता, दहाव्याच्या आत पोचलो म्हणजे झालं. सगळा हिशेब मी बोटांवर मांडून मोकळी झाले होते.

आणि मग केसांचं आठवलं. ह्यांच्या भाऊबंदकीत बाप गेला की मुलानं त्याच दिवशी डोकं करायचं, म्हणजे मुंडन. चौथ्या-पाचव्या दिवशी डोक्यावर केस घेऊन गावात शिरलो असतो तर बायकांनी माझंच नाव घेतलं असतं. बाप गेला आणि हे भांग पाडून समुद्रावरून आले, असं. म्हणून स्टेशनजवळ न्हावी शोधला. त्याला मिशीसुद्धा काढायला लावली. तो सगळं डोकं साफ करायला निघाला तेव्हा मी हातानं थांबवून मागे शेंडी राखायला सांगितली. आबा दोन वर्षांपूर्वी तिरुपतीला जाऊन गुळगुळीत डोक्यानं परतले होते, तेव्हा गाव आठवडाभर त्यांना चिडवत होतं. तिकडे शेंडीसुद्धा ठेवत नाहीत. आमच्याकडे बघून कोणाला वाटायला नको की हे दोघं मजेत तिरुपती करून आले. इतका बारीक विचार मी केला. माझं मलाच कौतुक वाटलं असेल तेव्हा.

दोन रात्री, दोन दिवस गाडी. कल्याणला उतरून भुसावळची गाडी धरली. वाटेत हे फारसं बोलले नाहीत. एकदा सोलापूरच्या आसपास ती काळी डबी खिशातून काढून म्हणाले, "हे आता तापीत सोडायचं, राखेबरोबर." मी रडले. सासूबाईंच्या कपाळाचा विचार करून रडले. मोठ्ठं कुंकू लावायच्या, रुपयाएवढं. आता ते कपाळ कसं दिसेल, घरात शिरताना मी त्यांच्याकडे कशी बघू, याचीच मला भीती होती.

रविवारी भर दुपारी गावाच्या फाट्यावर उतरलो. ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागा आडव्या पडलेल्या, पानं चिरफाळलेली, फोनचे खांब वाकलेले. वादळ होऊन गेलं होतं, आम्हाला पत्ता नव्हता. हापशावर दोघी-तिघी बायका होत्या. प्रमिलाबाईंनी ह्यांचं डोकं पाहिलं आणि हातातली कळशी खाली ठेवली. तोंडाला पदर लावला. मी मान हलवली, जशी अशा वेळी हलवतात तशी. त्या आमच्या मागेमागे चालू लागल्या आणि त्यांच्यातल्या एकीनं हुंदका दिला.

घराचं दार उघडं होतं. आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्या कपाळावर कुंकू होतं. रुपयाएवढं, लालभडक.

मला आधी काही कळलंच नाही. मला वाटलं, अजून पुसलं नसेल. इतकी मी माझ्या शहाणपणात बुडालेली होते. सासूबाईंनी ह्यांचं डोकं पाहिलं, ओठावर मिशी नाही ते पाहिलं, आणि त्यांचा हात गळ्यातल्या पोतेकडे गेला.

"रत्या," त्या म्हणाल्या, "हे काय करून आला रे तू?"

मागच्या बायकांना वाटलं आबा नुकतेच गेले, म्हणून त्यांनी मोठ्यानं रडायला सुरुवात केली. "चूप बसा!" सासूबाई त्यांच्यावर ओरडल्या. "जिता हाय माह्या मानूस!"

दारातून आत पाहिलं. दाराशीच खाट लावलेली होती आणि खाटेवर आबा होते. आधीच्या आठवड्यातल्या शनिवारच्या वादळात केळी पाहायला म्हणून गेले आणि बागेतच पडले होते. उजवं अंग लकव्यानं गेलेलं. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस. आबांनी आठ काढले. गुरुवारी त्यांनी स्वतः सांगून खाट दाराशी आणवली, पोरगा आल्याबरोबर दिसावा म्हणून. गुरुवारी सकाळी पोचता आलं असतं आम्हाला. मी नंतर कितीदा तरी मोजलं. मंगळवारी दुपारी ते विमान सोडलं नसतं तर आम्ही गुरुवारी सकाळी दारात होतो.

तेवढ्यात सुपडू आला. मी त्याच्यावरच उखडले. माणसानं स्वतःची चूक दुसऱ्याच्या अंगावर टाकायला किती वेळ लागतो? मला तर श्वास घेण्याइतकासुद्धा लागला नाही. "असं लिहितात का तारेत? आम्ही काय समजायचं?"

तो गोंधळला. "सीरियस होते म्हनून सीरियस लिहिलं, वहिनी. दुसरं काय लिव्हायचं व्हतं?"



हे खाटेजवळ जायला तयार होईनात. उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला. पण आबांचे डोळे उघडे होते. डोळ्यांना काही झालं नव्हतं. पन्नास वर्षं विहिरींच्या अंधारात वस्तू शोधलेले डोळे ते. त्यांनी डाव्या हातानं जवळ बोलावलं. हे गुडघे टेकून खाली बसले. आबांनी टॉवेल ओढला.

जीभ जड झाली होती. एकेक शब्द ते ओढून काढत होते.

"कोन मेलं रे?"

ह्यांनी मान खाली घातली. माझ्या जिभेला मात्र हाड नाही. मी पटकन पुढे झाले. "कोणी नाही, आबा. तिरुपतीला जाऊन आलो. तार मिळाली तसा ह्यांनी तुमच्यासाठी नवस बोलला."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात पोराच्या डोक्यावर ठेवला. पुढून मागे, हळूहळू, जसा आंधळा माणूस एखादी वस्तू ओळखायला फिरवतो तसा. हात मागे गेला आणि तिथे थांबला. दोन बोटांत त्यांनी ती शेंडी धरली.

"तिरुपतीले शेंडी ठेवत नही, पोरी," ते म्हणाले.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. ती शेंडी मी राखायला लावली होती. आबांनी आयुष्यभर लोकांची मढी वर काढून दिली, त्यांच्या पोरांची डोकी होताना पाहिली. त्यांना मी फसवायला निघाले होते. हे त्यांच्या छातीवर कपाळ ठेवून रडायला लागले. "चुकलं, आबा. मी तुम्हाला मेलेलं धरलं." मी धरलं, असं ते म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. त्या वेळी नाही आणि नंतर आजपर्यंत कधी नाही.

आबा बराच वेळ त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होते. मग म्हणाले, "बरं झालं. पाहून घेतलं मी." हात खाली घेत, "आता मी गेल्यावर पुन्हा नको काढू. एका बापाले एकदाच डोकं देतेत."

सासूबाई उठून आत गेल्या. चुलीपाशी त्यांचा रडण्याचा आवाज येत होता.

हे सावरले आणि खिशातून डबी काढली. आबांच्या डाव्या तळव्यावर वाळू ओतली. "तळ लागला, आबा. पाहा."

आबांनी अंगठ्यानं वाळू चोळली. नाकाशी नेली. "हा गाळ नही."

"तिकडं असाच असतो. पांढरा."

"खोल व्हतं?"

"चाळीस फूट."

"दम किती धरला?"

"दम धरावा लागत नाही, आबा. पाठीवर टाकी असते हवेची."

आबांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. "मंग त्यात काय!" ते म्हणाले. हेसुद्धा हसले, रडता रडता. बापलेकाचं एवढंच बोलणं झालं. त्यानंतर आबांनी आणखी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण शब्द लागेनात. पुन्हा पुन्हा तोंड उघडून मिटत होते. शेवटी एवढंच कळलं, "गुरुवारी... लई बोलनं व्हतं मले." सासूबाईंनी सांगितलं की शुक्रवारपर्यंत त्यांचं बोलणं चांगलं सुरू होतं. रत्याला हे सांगायचं, रत्याला ते सांगायचं, असं त्यांचं चाललं होतं. काय ते कोणालाच सांगितलं नाही. पोरगा येणारच होता ना.

सोमवारी सकाळी आबा गेले. या वेळी तार कोणी वाचायची नव्हती.

न्हावी पिशवी घेऊन अंगणात आला. ह्यांच्या डोक्यावर पाच दिवसांचे खुंट उगवले होते. भाऊबंदांपैकी उखर्डूतात्या म्हणाले, रीत ती रीत, पुन्हा वस्तरा फिरवून घे. हे पाटावर बसले नाहीत. "माझं झालंय, तात्या," ते शांतपणे म्हणाले. "त्यांनी स्वतः पाहिलंय." न्हाव्यानं पिशवी उचलली आणि कडेला जाऊन उभा राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होते. मी काही तिथे टिकू शकले नाही, मागच्या दारानं गोठ्यात गेले आणि पहिल्यांदा मनसोक्त रडले. आबांसाठी नाही, इतकं खरं सांगते. आपण कसल्या बाई आहोत, यासाठी रडले.

दहाव्याला नाना आले धुळ्याहून. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी खांद्याला तीच खाकी पिशवी. तापीच्या काठावर सगळं आटोपलं, हे आत उभे राहून डबीतली उरलेली वाळू सोडत होते. मी नानांजवळ काठावर बसले होते. दहा दिवस मी कोणाला विचारलं नव्हतं ते त्यांना विचारलं.

"नाना, सीरियस म्हणजे माणूस गेलेलाच असतो ना? तुम्ही एवढ्या तारा वाटल्या."

आपल्या बाजूनं कोणीतरी एक शब्द बोलावा, एवढीच माझी अपेक्षा होती. नाना माझ्याशी कायम अहिराणीतच बोलतात. त्यांनी पाण्याकडे बघत डोकं हलवलं.

"नई बेटा. बठ्ठाच कोठे मरेत? कितला तरी लोके येळवर पोची जायेत."

"सगळेच मरत नसत, तर मग वेळेवर पोचलेला एकही मला का आठवत नाही? मी तर तुमच्यासोबत असायचे."

"तू रडारड ध्यानमां ठेवी," नाना म्हणाले. "जो माणूस वाचना, त्याना घर कोन रडस?"

आणि मग मला हळूहळू आठवू लागलं. गल्ली नंबर चारमधला एक माणूस तार वाचून तसाच, पायात चप्पल न घालता, स्टँडकडे पळत सुटला होता. देवपुरातल्या एका बाईनं चुलीवरची भाकरी तव्यावरच टाकून पोराला काखोटीला मारलं होतं. त्या घरांसमोर मला कंटाळा यायचा. काही बघण्यासारखं व्हायचंच नाही. मी सायकलची घंटी वाजवून नानांना घाई करायचे, चला ना, पुढच्या घरी चला.

ती माणसं पोचली असतील.